छोट्या पेट शॉपचा बदललेला धंदा आणि जुनेच नियम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली दोन-तीन वर्षे वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर पाळीव प्राण्यांच्या बाजारपेठेच्या भरभराटीच्या बातम्या सातत्याने येत आहेत. मूळच्या छत्तीसगडच्या ड्रूल्स या श्वानखाद्य बनवणाऱ्या कंपनीत 2025 साली नेस्लेने छोटा हिस्सा घेतला आणि त्या कंपनीचे मूल्य एक अब्ज डॉलरच्या पुढे गेले, ही त्यांतली ठळक बातमी. या बातम्या खऱ्या आहेत. परंतु त्या वाचून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पेट शॉपचीही चांदी झाली असेल, असा जो समज पसरला आहे, तो मात्र खरा नाही. मी सांगलीत असे एक दुकान अनेक वर्षे चालवतो. माझ्यासारख्या दुकानदारांनी गेल्या काही वर्षांत आपला धंदा कसा बदलला आणि त्या बदलाच्या आड नेमके काय येते, हे आपल्या वाचकांपुढे व संबंधितांपुढे मांडावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सांगलीकरांना अडचणीचा काळ कोणता, हे सांगावे लागत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. बाजारपेठेतल्या इतर दुकानांचा माल भिजला, आमच्यापैकी ज्यांच्याकडे मासे आणि पक्षी होते त्यांना माल वाचवायचा की जीव, हे काही तासांत ठरवावे लागले. पक्ष्यांचे पिंजरे वरच्या मजल्यावर नेता येतात. पाण्याने भरलेली चार फुटी काचेची टाकी कोणालाही उचलता येत नाही, आणि वीज गेल्यावर हवेचा पंप बंद पडला की गर्दीच्या टाकीतले मासे फार वेळ तग धरत नाहीत. पाणी ओसरल्यावर पंचनाम्यात टाक्या, पंप आणि भिजलेली पोती मोजली गेली, परंतु मेलेल्या माशांची किंमत कशी धरायची, हे शेवटपर्यंत कोणालाच सांगता आले नाही. त्यातून सावरतो न सावरतो तोच मार्च 2020 ची टाळेबंदी आली, आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला.

टाळेबंदीचे पहिले आठवडे सर्वांत कठीण होते, कारण शटर बंद असले तरी आतल्या जिवांना दोन वेळा खायला घालणे आणि टाक्यांचे पाणी बदलणे थांबवता येत नव्हते. पशुखाद्याला सूट होती, परंतु कुत्र्यामांजरांचे पाकीटबंद खाद्य त्यात बसते की नाही, यावर नाक्यानाक्यावर निरनिराळे उत्तर मिळत असे. एप्रिल 2021 च्या ‘ब्रेक द चेन’ आदेशात मात्र पशुवैद्यकीय सेवेच्या बरोबरीने पाळीव प्राण्यांच्या खाद्याची दुकाने अत्यावश्यक म्हणून स्पष्ट शब्दांत नोंदवली गेली. त्या एका ओळीने आमचा केवढा जाच वाचला, हे धंद्यातल्या माणसालाच कळेल. नियम लिहिणाऱ्याने आमच्या धंद्याकडे नीट पाहिले, तर एका वाक्यातही मोठे काम होते, असा माझा तेव्हापासूनचा ठाम विश्वास आहे, आणि या पत्राचा उत्तरार्ध त्याच विश्वासावर लिहिला आहे.

पूर्वी पेट शॉप म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर पिंजऱ्यातले पिल्लू येत असे. दुकानाची मिळकतही त्यावरच चाले. लॅब्राडोर किंवा पॉमेरेनियनचे एक पिल्लू विकले की महिन्याचे भाडे निघाले, असा सरळ हिशेब होता. आज माझ्यासह आमच्या भागातल्या बऱ्याच दुकानदारांनी पिल्लांची विक्री बंद केली आहे. त्यात कायद्याचा वाटा आहे. 2017 चे श्वानपैदाशीचे नियम आणि 2018 चे पेट शॉपचे नियम यांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, नोंदणी लागते, खरेदी-विक्रीची नोंद ठेवावी लागते. हे नियम योग्यच आहेत. परंतु मंदीने जे शिकवले ते कायद्याने शिकवले नव्हते. गिऱ्हाईक नसताना पिल्लू दुकानात राहिले, तर त्याच्या खाण्यात आणि लसीत भांडवल अडकत जाते, आणि एकदा पार्व्हो या विषाणूजन्य रोगाची लागण शिरली तर सगळी पिल्ले हाताशी असताना जातात. ज्याने ते एकदा पाहिले आहे, त्याला पैशाचे नुकसान त्यामानाने लहान वाटते. टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांनी हौसेने घेतलेली कितीतरी पिल्ले कार्यालये उघडल्यावर नकोशी झाली, हेही आम्ही काउंटरच्या या बाजूने पाहिले. आता कोणी पिल्लू मागायला आले तर आम्ही त्याला दत्तक देणाऱ्या लोकांकडे पाठवतो. पिल्लू कुठूनही आणले तरी त्याचा पट्टा, ताट, खाद्य आणि पहिली आंघोळ यांसाठी ते कुटुंब आमच्याकडेच येते, आणि पुढची दहा-बारा वर्षे येत राहते.

खाद्याची विक्री हा आता दुकानाचा कणा आहे, आणि तिथेच सर्वांत मोठी ओढाताण आहे. पाकीटबंद श्वानखाद्यावर 18 टक्के जीएसटी असतो. मोठी ऑनलाइन दुकाने छापील किमतीवर जी सूट जाहीर करतात, तेवढी सूट कित्येकदा आम्हाला वितरकाकडून खरेदी करतानाही मिळत नाही. पुण्या-मुंबईत तर मांजराच्या खाद्याचे पाऊच दहा-पंधरा मिनिटांत घरपोच येते. या शर्यतीत किमतीच्या बळावर उतरणे म्हणजे स्वतःच्या हाताने दुकानाला टाळे लावणे होय. म्हणून छोट्या दुकानदाराने दुसरा मार्ग धरला, तो सुट्या खाद्याचा.

वीस किलोचे पोते एकदम घेणे पगारदार माणसाला महिन्याच्या शेवटी परवडत नाही, रोजंदारीवरच्या माणसाला तर कधीच परवडत नाही. आमच्याकडे शंभर रुपयांचे द्या, असे म्हणत येणारे गिऱ्हाईक मोठे आहे. त्यांत रस्त्यावरच्या कुत्र्यांना स्वखर्चाने खाऊ घालणाऱ्या महिला आहेत, वॉचमन आहेत, शाळकरी मुले आहेत. परंतु सुटे खाद्य विकणे हे धान्य तोलण्याइतके सोपे नाही. पोते फोडले की त्यातल्या स्निग्ध पदार्थाला हवा लागते, पावसाळ्यात दमटपणा शिरतो, दाणे मऊ पडतात, आठ-दहा दिवसांत खवट वास येऊ लागतो आणि मग कुत्रे तोंड लावत नाही. बुरशी धरली तर ते खाद्य विषारीही ठरू शकते. म्हणून नीट काम करणारा दुकानदार एका वेळी एकच पोते फोडतो, ते घट्ट झाकणाच्या पिंपात ओततो, मूळ पोत्यावरची मुदतीची तारीख कापून पिंपाला चिकटवतो, आणि किलो-अर्ध्या किलोच्या पिशव्या करतो तेव्हा प्रत्येकीवर पोते फोडल्याची तारीख लिहितो. पिंप रिकामे झाले की पुसून, उन्हात वाळवूनच पुढचे पोते त्यात जाते, नाहीतर तळाशी राहिलेला जुना चुरा नव्या मालाला वास लावतो. ही सगळी मेहनत किलोमागे मिळणाऱ्या चार पैशांसाठी असते, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. जे दुकानदार यात हयगय करतात, मुदत संपलेल्या पोत्यातला माल सुटा करून खपवतात, ते सगळ्या धंद्याचे नाव घालवतात. अशांवर कारवाई झाली तर मला आनंदच होईल.

अडचणीच्या काळात दुकानदाराकडे सल्ला मागायला येणारे लोक वाढतात. खर्च कसा कमी करू, हा त्यांचा प्रश्न असतो आणि प्रामाणिक दुकानदाराला त्याचे उत्तर स्वतःच्या विक्रीविरुद्ध द्यावे लागते. आम्ही सांगतो की आधी चघळण्याची हाडे आणि बिस्किटे बंद करा, रोजचे खाद्य बंद करू नका. महागड्या खाद्यावरून स्वस्त खाद्यावर यायचे असेल तर आठवडाभर थोडेथोडे मिसळत या, एकदम बदललेत तर पोट बिघडेल आणि वाचवलेले पैसे डॉक्टरकडे जातील. भात आणि उकडलेले कोंबडीचे मांस घालायचे असेल तर घाला, त्यात कांदा नको. आमच्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, आणि तासगावकडच्या बेदाणा शेडवर राखणीला असलेल्या कुत्र्यांपुढे ते सहज पडलेले असतात. हे कोणत्याही ॲपवर खरेदी करताना कोणी सांगत नाही.

द्राक्षांचा उल्लेख आला म्हणून उधारीविषयीही लिहितो. सांगलीतल्या दुकानाचे गिऱ्हाईक फक्त शहरातले नाही. बागायतदार मळ्यावर कुत्री पाळतात, जतकडच्या भागात शिकारी जातीच्या कारवान कुत्र्यांचे शौकीन आहेत. त्यांचा पैसा दरमहा येत नाही. तो द्राक्षाचा माल गेल्यावर किंवा उसाचे बिल जमा झाल्यावर येतो. अवकाळी पाऊस झाला आणि मणी तडकले, तर त्याचा फटका आमच्या उधारीच्या वहीला बसतो. वितरक मात्र पंधरा दिवसांत पेमेंट मागतो. या दोहोंच्या मधले अंतर पूर्वी प्रत्येक दुकानदार एकटा भरून काढत असे आणि त्यापायी खासगी सावकाराच्या दारात जात असे. आता सांगली, मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजी अशा गावांतले काही दुकानदार मिळून एकत्र मागणी नोंदवतात. माल एकदम उचलल्याने कंपनीची स्कीम मिळते, वाहतूक वाटून घेतली जाते आणि एखाद्याची रक्कम एखादा आठवडा मागे राहिली तर बाकीचे सांभाळून घेतात. याला ना संस्थेची नोंदणी आहे, ना कार्यालय; एकमेकांच्या शब्दावर ते चालते. एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणारे आम्ही लोक अडचणीने एकत्र आलो, ही मला गेल्या पाच वर्षांतली सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते.

माशांच्या धंद्यातला बदल तर याहून मोठा आहे. शोभेचे मासे आमच्याकडे मुख्यतः चेन्नईच्या कोळत्तूर भागातून आणि मुंबईमार्गे येतात. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात घालून रेल्वे पार्सलने किंवा बसने. 2020 मध्ये रेल्वे बंद झाली आणि हा पुरवठा एका रात्रीत तुटला. त्यानंतर गप्पी, मोली, प्लॅटी असे पिल्ले घालणारे, तुलनेने सोपे मासे जवळपासच वाढवून घ्यावेत, असा विचार पुढे आला. 2020 सालीच सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यसंगोपनासाठी 3 लाख रुपये एकक खर्च धरून सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदानाची तरतूद केली गेली. मासे विकत घ्यायला आमच्यासारखी दुकाने तयार आहेत. बचत गटांच्या महिलांपर्यंत ही माहिती पोहोचली, तर दूरच्या प्रवासात दगावणाऱ्या माशांची संख्याही घटेल.

परंतु माशांतली खरी मिळकत आता मासे विकण्यात नाही, टाक्या सांभाळण्यात आहे. मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे आणि तिथल्या कित्येक दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहात मत्स्यालय असते. ते स्वच्छ ठेवायला कोणाला वेळ नसतो. आमच्यासारखे दुकानदार महिन्याच्या ठरावीक रकमेवर ते काम घेतात. नळीने तळाची घाण ओढत साधारण तिसरा हिस्सा पाणी काढायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता त्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, कारण माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजात वाढलेले असतात आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने ते मरतात. मग क्लोरिन काढलेले पाणी हळूहळू भरायचे. अर्ध्या-पाऊण तासाचे काम, पण ज्याला ते कळत नाही त्याने टाकी लखलखीत धुतली की चार दिवसांत मासे तरंगतात. हे ज्ञान हेच आमचे भांडवल आहे आणि ते पुरात वाहून जात नाही. कुत्र्यांची आंघोळ, केस कापणे, नखे काढणे, मालक परगावी गेल्यावर कुत्रे-मांजर सांभाळणे, ही कामेही अशीच वाढली. केस कापताना कानातला संसर्ग किंवा कातडीत रुतलेली गोचीड सर्वांत आधी आम्हालाच दिसते आणि आम्ही मालकाला पशुवैद्याकडे पाठवतो.

आता अडचण सांगतो. धंदा मालाकडून सेवेकडे वळला, करप्रणाली मात्र त्या वळणावर आम्हाला अडवते. केवळ माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला महाराष्ट्रात 40 लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. त्याच दुकानदाराने कुत्र्याला आंघोळ घालून पैसे घेतले की तो केवळ माल विकणारा राहत नाही आणि त्याची मर्यादा 20 लाखांवर येते. खाद्याचा धंदा असा आहे की पोती महाग आणि नफा थोडा; 20 लाखांची उलाढाल म्हणजे काही श्रीमंती नव्हे. ज्याने कंपोझिशन योजना घेतली आहे, त्याला दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीवर 1 टक्का कर भरून मोकळे होता येते, परंतु त्यात सेवांचा हिस्सा उलाढालीच्या 10 टक्के किंवा 5 लाख रुपये, यांपैकी जे जास्त असेल, तेवढाच चालतो. त्यापलीकडे गेले तर 50 लाखांपर्यंतच्या उलाढालीसाठी जी दुसरी सवलत आहे तिथे 6 टक्के भरावे लागतात, आणि तेही सेवेवर नव्हे, तर विकलेल्या पोत्यांसकट सगळ्या उलाढालीवर. ज्या धंद्यात खाद्यावरचा नफाच जेमतेम सुटतो, तिथे हा आकडा झेपणारा नाही. परिणामी काही दुकानदार सेवेचे काम वाढवायला घाबरतात आणि काही ते वहीबाहेर करतात. दोन्ही गोष्टी वाईट आहेत. सेवांची ही मर्यादा छोट्या दुकानांसाठी निदान 30 टक्क्यांपर्यंत वाढवावी, अशी माझी मागणी आहे, आणि ती केवळ पेट शॉपपुरती नाही. सायकल दुरुस्त करणाऱ्या, मिक्सर विकून दुरुस्तीही करणाऱ्या दुकानदारालाही हाच जाच आहे.

दुसरी मागणी प्रशिक्षणाची आहे. आज कुत्र्याचे केस कापणारा मुलगा ते कोणाच्या तरी हाताखाली पाहून शिकतो. घाबरलेल्या कुत्र्याला कसे धरावे, चावा घेतल्यास काय करावे, कोणत्या जातीच्या अंगावर यंत्र फिरवू नये, कोणती लक्षणे दिसल्यास काम थांबवून पशुवैद्याला बोलवावे, हे त्याला कोणीही पद्धतशीर शिकवलेले नसते. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा परळच्या महाविद्यालयात दुकानदारांसाठी दोन-तीन आठवड्यांचा साधा अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्याचे प्रमाणपत्र दुकानात लावता आले, तर आम्ही स्वतःच्या खर्चाने मुले पाठवू. ज्यांच्याकडे असे प्रमाणपत्र आहे आणि जे जिवंत प्राण्यांची विक्री करत नाहीत, अशा दुकानांची वेगळी आणि सुटसुटीत नोंद राज्य प्राणी कल्याण मंडळाने ठेवावी. मग तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यालाही पोते विकणारे दुकान आणि पिंजऱ्यात प्राणी ठेवणारे दुकान यांतला फरक कळेल.

एक गोष्ट माझ्याच व्यवसायबंधूंना सांगायची आहे आणि ती आपल्या वृत्तपत्रातूनच सांगतो. हात आखडला की वाकड्या वाटा दिसू लागतात. हिरवा पोपट मागणारे गिऱ्हाईक दर आठवड्याला येते; देशी पोपट, मुनिया, कासव यांचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तरी तो चोरून होतो, हे आपण सगळे जाणतो. परदेशी पक्ष्या-प्राण्यांपैकी ज्या जाती कायद्याच्या परिशिष्टात आहेत, त्यांच्या नोंदणीसाठी फेब्रुवारी 2024 मध्ये नियम आले. त्या जाती विकणाऱ्यांनी कागद पूर्ण करावेत. आणि पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविकाची गोळी काउंटरवरून देणे थांबवावे. गिऱ्हाईक दुखावेल, दुसऱ्या दुकानात जाईल, हे मला ठाऊक आहे. परंतु चुकीच्या गोळीने मेलेल्या मांजराचे घर आपल्या दुकानात पुन्हा कधीच पाऊल ठेवणार नाही, आणि ज्या शासनाकडे आपण सवलत मागतो त्याच्यासमोर मान वर करून उभे राहायचे असेल तर आधी आपले काउंटर स्वच्छ असायला हवे.

वाचकांकडे एवढेच मागणे आहे की, सुटे खाद्य घेताना पोते कधी फोडले, हे विचारावे, मुदतीची तारीख दाखवा म्हणावे, आणि बिल मागावे. जो दुकानदार यावर चिडेल त्याच्याकडे जाऊ नये. जीएसटीतील सेवांच्या मर्यादेबाबतचे सविस्तर निवेदन आम्ही काही दुकानदार मिळून तयार करत आहोत. राज्याच्या इतर जिल्ह्यांतील ज्या छोट्या दुकानदारांना हाच अनुभव आला असेल, त्यांनीही आपापल्या व्यापारी संघटनेमार्फत तो जीएसटी परिषदेपर्यंत पोहोचवावा.

आपला,
एक पेट शॉप चालक, सांगली